कब्रस्तानातले गवत आणि नान्नजचा माळ

५ जून हा जागतिक पर्यावरण दिन. महाराष्ट्रातल्या शाळांना त्या वेळी उन्हाळ्याची सुट्टी असते, त्यामुळे आमच्याकडे हा दिवस शाळा उघडल्यावर, बहुतेक १ जुलैच्या कृषी दिनाच्या आगेमागे साजरा होतो. खड्डे घेतले जातात, रोपे लावली जातात, फोटो निघतात, घोषणा होतात. पुढच्या वर्षी पुष्कळदा त्याच खड्ड्यात नवे रोप लागते, कारण मे महिन्यात पाणी घालायला शाळेत कोणी नसते. या कार्यक्रमाची थट्टा करावी असे आम्हाला वाटत नाही. झाड लावणे हा आपल्याकडे सदका-ए-जारिया मानला जातो आणि तो मानला जावाच. पण झाडे कुठे लावायची, असे मुलांना विचारले की उत्तर ठरलेले असते : रिकाम्या जागेवर.

गावातली रिकामी जागा म्हणजे कोणती? मुले बोटावर मोजून सांगतात. गायरान, माळ, ओढ्याचा काठ, आणि कब्रस्तान. ही जागा खरोखर रिकामी असते का, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आम्ही म्हणजे पंढरपूर तालुक्यातल्या करकंबचे दोन-तीन शिक्षक आणि आमची आठवीची मुले. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘परिसंस्था’ नावाचा धडा आहे. उर्दूत त्याला माहौलियाती निज़ाम म्हणतात. आम्हाला शिकवताना उर्दू शब्द जास्त कामाला येतो. ‘निज़ाम’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे कारभार उभा राहतो. कारभार आला म्हणजे कोणाकडे कोणते काम आहे, कोण कोणाला काय देतो आणि एकाने काम सोडले तर कोणाचे अडते, हे प्रश्न आपोआप येतात. आर्थर टान्सले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा त्याचे म्हणणेही असेच होते. झाडे वेगळी, प्राणी वेगळे, माती-पाणी-ऊन वेगळे असा अभ्यास करून भागत नाही. एका जागेवरचे हे सगळे मिळून एकच यंत्रणा असते आणि तिचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

पुस्तकातली उदाहरणे चांगली आहेत. पण घनदाट जंगल, वाघ, हरीण, समुद्रातले प्रवाळ यांतले आमच्या मुलांनी फारसे काही पाहिलेले नाही. त्यांनी उजनीचा कालवा पाहिला आहे, उसाचे फड पाहिले आहेत, द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागा पाहिल्या आहेत, आणि घरोघरच्या शेळ्या. म्हणून आम्ही धडा वर्गात न घेता गावात घ्यायचे ठरवले. जागा निवडली कब्रस्तानाची. गावाभोवतीचा जवळजवळ प्रत्येक तुकडा नांगराखाली किंवा बांधकामाखाली गेला आहे, आणि वर्षानुवर्षे नांगर न लागलेली जमीन एवढीच उरली आहे.

कब्रस्तानात मुले न्यायची म्हटल्यावर जमातीच्या बुजुर्गांना विचारणे आलेच. त्यांनी अट घातली की कबरींच्या भागात जायचे नाही, कंपाउंडलगतच्या मोकळ्या पट्टीतच काम करायचे आणि आवाज करायचा नाही. मुलींचा गट बाहेर, ओढ्याच्या बाजूला बसला. (यादी त्यांचीच जास्त चांगली निघाली, हे इथे नोंदवायला हवे.) सुतळीने एक मीटर लांब, एक मीटर रुंद असे चौकोन आखले आणि प्रत्येक गटाने आपल्या चौकोनात काय काय आहे ते लिहायचे ठरले. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांनी एकच शब्द लिहिला : गवत. मग हळूहळू डोळे उघडू लागले. एकाच चौकोनात हरळी होती, मारवेल होते, पायजम्याला चिकटणारी कुसळी होती, मधूनच तरवडाचे पिवळ्या फुलांचे रोप होते. नाकतोडे होते. मुंग्यांची रांग कुठून कुठे जाते हे पाहण्यात दोन मुलांचा सगळा तास गेला. वाळलेल्या काडीखाली वाळवी निघाली. शेळीच्या लेंड्यांजवळ शेणकिडा निघाला. कंपाउंडच्या दगडावर सरडा, निंबावर साळुंक्या, वर आकाशात घार.

नंतर मार्च महिन्यात पुन्हा गेलो, तेव्हा एका मुलाला खडीच्या उघड्या जागेवर टिटवीची अंडी दिसली. मातीच्या आणि खड्यांच्या रंगाची, इतकी बेमालूम की दाखवल्यावरही निम्म्या मुलांना दिसेनात. टिटवी घरटे बांधत नाही, मोकळ्या जमिनीवरच अंडी घालते. रात्री तिचा आवाज ऐकून अपशकुन म्हणणाऱ्या आपल्या माणसांना हे सहसा माहीत नसते की ती आपल्या अंड्यांपाशी आलेल्या कुत्र्यावर ओरडत असते.

यादी झाल्यावर कामांची वाटणी करायला सांगितले. गवत उन्हापासून अन्न तयार करते, ते उत्पादक. नाकतोडा आणि शेळी गवत-पाला खातात, ते पहिले भक्षक. सरडा नाकतोड्याला खातो, घार सरड्याला. वाळवी, शेणकिडा, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू हे मेलेले आणि टाकलेले सगळे कुजवून पुन्हा मातीला देतात, ते विघटक. मुलांना सगळ्यात कमी किंमत वाटत होती ती या शेवटच्यांची. घरात वाळवी लागली की दाराच्या चौकटी जातात, हे प्रत्येकाने पाहिलेले. पण माळावरची वाळवी वाळकी काडी जमिनीत नेते आणि तिच्या बिळांतून पावसाचे पाणी खाली उतरते. ती नसेल तर वाळलेले गवत वर्षानुवर्षे तसेच पडून राहील आणि मातीला काहीच परत मिळणार नाही.

मग एका मुलीने विचारले, “सर, नाकतोडे इतके आणि घार एकच का?” परिसंस्थेच्या धड्यातला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. गवताने उन्हातून साठवलेल्या ऊर्जेपैकी साधारण दहावा हिस्साच खाणाऱ्याच्या अंगी लागतो. बाकीची चालण्यात, श्वासात, उष्णतेत खर्च होते किंवा न पचता बाहेर पडते. गवताकडे १०,००० माप असेल तर नाकतोड्यांकडे १,०००, सरड्यांकडे १०० आणि घारीकडे १०. हा अंदाजाचा आकडा आहे, प्रत्येक ठिकाणी तंतोतंत दहावा हिस्सा नसतो. पण त्यावरून कळते ते असे की एक घार पोसायला फार मोठा माळ लागतो. माळ निम्मा झाला की निम्मी घार उरत नाही, ती उडूनच जाते.

हाच हिशेब शेळीच्या घरालाही लागू आहे. आपल्या भागातली शेळी उस्मानाबादी. रंगाने बहुतेक काळी, काटक, पुष्कळदा जुळी देणारी. सोलापूर, धाराशिव, लातूर हा तिचा मूळ मुलूख. तिचे अंग या कोरड्या माळावरच घडले आहे. मेंढी खाली मान घालून गवत खाते. शेळीला वरचे लागते : बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, हिवराची पाने. गावात ज्यांना शेती नाही अशी आपली कितीतरी घरे दोन-चार शेळ्यांवर वर्षाचा अडीअडचणीचा खर्च भागवतात आणि बकरी ईदला बोकड विकून मुलांची फी किंवा घराचे पत्रे करतात. त्या बोकडाच्या किमतीत माळाचा वाटा किती, हे कोणी लिहून ठेवत नाही. माळ होता तोवर चारा फुकट होता. आता चरायला जागा नाही, म्हणून बांधून ठेवलेल्या शेळीला विकतचा भुसा आणि कडबा घालावा लागतो. २०२५ मध्ये बकरी ईद ७ जूनला होती, म्हणजे चाऱ्याच्या दृष्टीने वर्षातला सगळ्यात कठीण काळ नुकताच काढून बोकड बाजारात आले. पाळणाऱ्या बायकांना विचारा, त्या वर्षी हातात काय उरले.

माळाला सरकारी कागदात चांगली नावे नाहीत. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ लिहिले जाते, बोलण्यात ‘पडीक’ म्हटले जाते. केंद्र सरकारने २००० साली देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढला, त्यातही झुडपी माळाची जमीन पडीक जमिनींतच धरलेली आहे. तलाठ्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे, कारण त्या जमिनीतून पीक येत नाही आणि सारा येत नाही. पण आमच्या जिल्ह्यातच या एका शब्दामुळे काय घडले ते पाहण्यासारखे आहे.

सोलापूरहून बार्शीकडे जाताना वीसेक किलोमीटरवर नान्नज लागते. तिथला माळ माळढोक पक्ष्यासाठी देशभर प्रसिद्ध झाला. माळढोक म्हणजे मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा, उडणाऱ्या पक्ष्यांतला जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. तो झाडावर बसत नाही. सगळे आयुष्य उघड्या गवताळ जमिनीवर काढतो. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, शेतातले दाणे असे जे मिळेल ते खातो. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते आणि तेही जमिनीवर. १९७०च्या दशकात सोलापूरचे निसर्गअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोकांकडे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले.

आपल्या वाचकांना सलीम अली हे नाव परके नाही. मुंबईच्या बोहरा कुटुंबात १८९६ मध्ये जन्मलेला हा माणूस. लहानपणी हवेच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ती कोणती हे विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि पुढे भारतातल्या पक्षिशास्त्राचा आधारस्तंभ झाला. भारताचा राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा सलीम अलींची पसंती माळढोकाला होती. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. मोर सुंदर आहेच, पण मोर गावागावात आहे. माळढोकाला तो मान मिळाला असता तर माळाकडे पाहण्याची देशाची नजर थोडी बदलली असती, असे आम्हाला वाटते.

अभयारण्य झाले ते ८,४९६ चौरस किलोमीटरचे. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतले मोठाले भाग त्यात आले. आमच्या शेजारचा माढा तालुका आला, करमाळा आला, मोहोळ आला. गावे, शहरे, शेते, कारखान्यांच्या जागा सगळे आत. मग ज्या शेतकऱ्याच्या रानात आयुष्यात माळढोक उतरला नाही त्यालाही जमीन विकताना, विहीर-बांधकामाची परवानगी काढताना अडचणी येऊ लागल्या. मुलीचे लग्न काढले आहे आणि जमिनीचा व्यवहार अडकला आहे, अशा माणसाला माळढोक हा पक्षी कसा वाटेल? तो त्याला वैरी वाटला. पुढे बऱ्याच वर्षांनी अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. पण तोवर लोकांच्या मनातून पक्षी उतरला होता आणि माळावरूनही उतरत चालला होता.

दुसरी गोष्ट झाली ती चांगल्या हेतूने. उघडा माळ ओसाड दिसतो, म्हणून त्यावर झाडे लावली गेली. नान्नजच्या माळावर गिरिपुष्पासारख्या बाहेरून आलेल्या झाडांच्या लागवडी झाल्या. ज्या पक्ष्याला चारी दिशांना लांबवर दिसले पाहिजे, लांडगा येतो की कुत्रा येतो हे लांबूनच कळले पाहिजे, त्याच्या घरात आपण भिंती उभ्या केल्या. शिवाय कालव्याचे पाणी आले, ज्वारी-करडईच्या रानात ऊस आला. विजेच्या तारा आल्या. माळढोकाला बाजूचे चांगले दिसते पण उडताना समोरचे नीट दिसत नाही आणि अंग जड असल्याने तो ऐन वेळी वळू शकत नाही, त्यामुळे तारांवर आपटून मरतो. जगातली संस्था आता त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ पक्ष्यांत गणते. देशात उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहेत आणि तिथे २०१९ पासून त्यांची अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे केंद्र चालवावे लागत आहे. नान्नजला अलीकडे एखाद-दुसराच पक्षी दिसल्याच्या बातम्या येतात.

आमची सहल नान्नजला गेली होती. माळढोक दिसला नाही आणि दिसेल अशी आशाही आम्ही मुलांना लावली नव्हती. काळवीट मात्र पुष्कळ दिसले, कळपच्या कळप. सकाळच्या उन्हात नर काळवीट उड्या घेत गेला तेव्हा बसमधली सगळी मुले एका बाजूला आली आणि ड्रायव्हर ओरडला. चंडोल दिसले, भोवत्या दिसला. हा शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियाच्या बाजूने आपल्या माळांवर येतो आणि गवतावरून खालून खालून उडत नाकतोडे वेचतो. एवढ्या लांबून तो ज्या जागेसाठी येतो तिला आपण पोटखराबा म्हणतो. एका मुलाने परत येताना विचारले, “सर, मग झाडे लावायची नाहीत का?” लावायची. घराजवळ, शाळेच्या आवारात, बांधावर, रस्त्याच्या कडेला, जिथे सावली पाहिजे आणि जिथे पाणी घालणारा माणूस आहे तिथे लावायची. जिथे शतकानुशतके गवतच आहे तिथे आधी ते गवत कोणाचे आहे ते पाहायचे.

गिधाडांची गोष्टही याच कारभारातली आहे. आमच्या गावातली साठी उलटलेली माणसे सांगतात की मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की गिधाडांचे थवे उतरत आणि थोड्या वेळात हाडे उरत. आजच्या मुलांनी गिधाड चित्रातच पाहिले आहे. जनावरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर देशात बंदी आली, पण तोवर बहुतेक गिधाडे संपली होती. औषध देणाऱ्याने कोणाचे वाईट चिंतले नव्हते. आता ती मढी कुत्री खातात, कुत्र्यांची संख्या वाढते, आणि तीच कुत्री टिटवीच्या अंड्यांवर आणि शेळीच्या करडांवर येतात.

इथे कोणी म्हणेल की माळ तसाच ठेवायचा तर माणसांनी जगायचे कशावर? प्रश्न रास्त आहे. १९७२चा दुष्काळ आमच्या आई-वडिलांच्या पिढीने पाहिला. खडी फोडून, सुकडी खाऊन दिवस काढलेली घरे या भागात आहेत. भीमेवर उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि कालव्याने या भागाचे नशीब पालटले. त्या पाण्याला नावे ठेवण्याचा हक्क आम्हाला नाही. पण त्याचा हिशेब मुलांनी केला पाहिजे, म्हणून वर्गात गणित घातले. आपल्या भागात वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटर पाऊस धरा. एका एकरावर तो सुमारे २२ लाख लिटर पाणी टाकतो. उसाला पूर्ण वाढीसाठी साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. मधला आकडा २,००० धरला तर एकराला ८० लाख लिटर होतात. पावसाचा थेंबन् थेंब मुळाशी गेला असे मानले तरी बाकीचे ५८ लाख लिटर कालव्यातून किंवा जमिनीच्या पोटातून येतात. उजनीत भरल्यावर ११७ टीएमसीच्या आसपास पाणी मावते, पण त्यातले निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा आहे, म्हणजे कालव्याच्या तोंडाखालचे. उरलेल्यात शेती, सोलापूरसारखे शहर, इतर गावांचे पिणे, कारखाने. आणि पाटाने भरमसाट पाणी दिलेल्या काळ्या रानात क्षार वर येऊन जमीन चोपण होते, हे तर आमच्या मुलांनी घरच्या शेतात पाहिले आहे. ज्यांच्या घरी ठिबक आहे ती मुले या तासाला फार ऐटीत होती.

मराठीत याला ‘शाश्वत विकास’ म्हणतात. शब्द मोठा आहे आणि मुलांना तो देवळातल्या प्रवचनातला किंवा मशिदीतल्या बयानातला वाटतो, कारण शाश्वत म्हणजे कायमचे, आणि या दुनियेत कायमचे काही नाही हे त्यांना लहानपणापासून सांगितलेले असते. उर्दूत ‘पायदार’ म्हणतात. पाय असलेले, स्वतःच्या पायावर उभे राहणारे. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने, नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखाली, या कल्पनेची जी व्याख्या केली तिचा मथितार्थ असा की आजच्या माणसांच्या गरजा भागवताना पुढच्यांच्या गरजा भागण्याची सोय बुडवू नये. आम्ही मुलांना विचारतो : ज्या विहिरीवर तुझा ऊस उभा आहे, ती विहीर तुझ्या मुलापर्यंत आपल्या पायावर उभी राहील का? चौदा वर्षांच्या मुलांना आपल्याला मुले होतील या कल्पनेचेच हसू येते. पण उत्तर बहुतेकजण खरे देतात.

पुन्हा कब्रस्तानाकडे येऊ, कारण नान्नजचा माळ आपल्या हातात नाही आणि उजनीचे वेळापत्रकही नाही, पण गावोगावची कब्रस्ताने जमातीच्या हातात आहेत. आमच्या नात्यातल्या एका गावी दोन वर्षांपूर्वी शब-ए-बरातच्या आधी कब्रस्तानात तणनाशक फवारले गेले. विळ्याने कापायला माणसे मिळेनात, फवारणी स्वस्त पडली. आठ दिवसांत सगळे पिवळे पडले, शब-ए-बरातला जागा स्वच्छ दिसली, सगळ्यांनी तारीफ केली. पाऊस पडल्यावर तिथे हरळी आली नाही, मारवेल आले नाही. आले ते गाजरगवत. हे तण मूळचे अमेरिका खंडातले; १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम दिसले आणि आयात गव्हाबरोबर आल्याचे सांगितले जाते. आपल्याकडे त्याला ‘काँग्रेस’ म्हणतात. त्याची रीत अशी की उघडी, मोडलेली जमीन दिसली की ते पहिले येते. शेळी त्याला तोंड लावत नाही, पुष्कळांच्या अंगाला त्याने खाज येते. ज्यांनी गवत मारले त्यांनीच त्याला जागा करून दिली. पुढच्या वर्षी पुन्हा फवारणी, पुन्हा खर्च.

कबरीवरचे हिरवे गवत उपटू नये, असे आपले बुजुर्ग सांगत आले आहेत. वाळल्यावर काढावे. त्यामागचे दीनी कारण उलेमा सांगतील. शेतीच्या दृष्टीने पाहिले तर तो सल्ला चोख आहे. आमच्याकडची गवते सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलतात, नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत बी गळून जमिनीत जाते. त्यानंतर कापले तर पुढच्या पावसाळ्यात तेच गवत उगवते. २०२५ मध्ये शब-ए-बरात फेब्रुवारीच्या मध्यात होती, म्हणजे साफसफाईची वेळ गवताच्या सोयीची होती. पण आपले सण चांद्र महिन्यांवर चालतात आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतात. २०३२ च्या सुमाराला शब-ए-बरात नोव्हेंबरात येईल, २०३५ च्या सुमाराला ऑक्टोबरात, ऐन गवत फुलात असताना. तेव्हा सगळे कब्रस्तान एकदम साफ केले तर बी पडायच्या आतच जाईल. आतापासूनच वाटा आणि कबरींच्या आजूबाजूची जागा साफ करायची आणि कडेची पट्टी बी गळेपर्यंत ठेवायची, असा रिवाज पडला तर पुढे अडचण येणार नाही.

आमच्या जमातीच्या बैठकीत मुलांची यादी आणि नकाशा ठेवला तेव्हा एका चाचांनी सरळ विचारले, “गवतात साप असतात. रात्री-अपरात्री मय्यत घेऊन यायचे म्हटले तर माणसांनी पाय कुठे ठेवायचा?” त्यांचे बरोबर होते. जाण्यायेण्याची वाट, जनाज्याच्या नमाजची जागा आणि नव्या कबरीची जागा साफच पाहिजे. साप येतात ते उंदरांसाठी, आणि उंदीर येतात ते कंपाउंडलगत टाकलेल्या कचऱ्यावर, हे ओढ्याकडे बसलेल्या मुलींच्या यादीत होते. कचरा कोण टाकतो यावर बैठकीत थोडी गरमागरमी झाली, ती इथे लिहीत नाही.

एवढे ठरले. मधल्या वाटा आणि नमाजची जागा विळ्याने कापायची, फवारणी नाही. पश्चिमेच्या कंपाउंडलगतची पट्टी बी गळेपर्यंत कापायची नाही. नंतर निघणारे वाळके गवत ज्या बायका शेळ्या पाळतात त्यांनी न्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत. गाजरगवत जिथे दिसेल तिथे फुलायच्या आधी मुळासकट उपटायचे (हातात मोजे किंवा पिशवी घालून) आणि त्या जागी पावसाच्या तोंडावर टाकळ्याचे बी टाकायचे, कारण टाकळा दाट उगवला की गाजरगवताला जागा मिळत नाही. बी गोळा करण्याचे काम आठवीच्या वर्गाकडे आहे. सगळे आवार सपाट करून पेव्हर ब्लॉक बसवावेत अशीही एक सूचना आली आहे. निधी मिळण्यासारखा आहे आणि काही तरुणांचा तिला पाठिंबा आहे. तो विषय पुढच्या बैठकीवर गेला. मुलांचा नकाशा तोवर जमातीच्या कपाटात आहे, टिटवीने अंडी घातली होती त्या जागेवर लाल शाईचा गोल काढलेला.